विरजणापुरती माणसं

जुलै २०२४ मध्ये ‘कू’ बंद झालं. पिवळ्या पक्ष्याचं हे ट्विटरसारखं ॲप २०२० मध्ये बंगळुरूतून सुरू झालं आणि त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत निवडलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावरून सरकार आणि ट्विटर यांचं बिनसलं, तेव्हा मंत्री, सरकारी विभाग आणि पाठोपाठ नामवंत मंडळी तिकडे दाखल झाली. त्याच जूनमध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली आणि तिथलं सरकारही ‘कू’वर आलं. कोणत्याही नव्या ॲपच्या वाट्याला इतकी फुकटची प्रसिद्धी सहसा येत नाही. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहायची सोय होती, सहा कोटी डॉलरच्या आसपास भांडवल उभं राहिलं होतं. ऐन भरात रोज सुमारे २१ लाख आणि महिन्याला सुमारे एक कोटी लोक ते वापरत होते, असं संस्थापकांनीच निरोप घेताना सांगितलं. भांडवल आटलं, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली, तंत्रज्ञानाचा खर्च झेपेना, अशी कारणं त्यांनी दिली. ती खोटी नाहीत. पण एक कोटी माणसं जमूनही ज्या घराला दरमहा बाहेरून पैसा लागतो, तिथे जमलेली माणसं एकमेकांसाठी आली होती का, हे विचारायला हवं.

सोशल ॲपपुढे सुरुवातीला जी अडचण असते, ती इतर ॲपपुढे नसते. हवामान सांगणारं ॲप गावात एकट्यानेच घेतलं तरी त्याला पावसाचा अंदाज मिळतो. माणसं जोडणाऱ्या ॲपकडे पहिल्या दिवशी द्यायला काहीच नसतं, कारण तिथे मिळते ती दुसरी माणसं. ती नाहीत म्हणून कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून ती नाहीत. यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे मोठी जाहिरात करून एकदम गर्दी आणायची. गणितही त्याच बाजूने बोलतं असं वाटतं. दहा माणसांत ४५ जोड्या होतात, शंभरांत ४,९५०. म्हणजे माणसं दहापट झाली की जोड्या शंभरपटीच्याही पुढे जातात. पण हे गणित धरून चालतं की प्रत्येक जोडीला एकमेकांशी काहीतरी बोलायचं आहे. सोलापुरातला सायकलस्वार आणि शिलाँगमधली गिटारवादक एकाच ॲपवर असले तर कागदावर एक जोडी वाढते, एवढंच. जून २०११ मध्ये आलेल्या गूगल प्लसकडे तीन आठवड्यांच्या आत एक कोटी लोक होते. गूगलसारख्या कंपनीचं बळ, पैसा आणि जगातले उत्तम अभियंते पाठीशी होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते गुंडाळायचं जाहीर करताना गूगलनेच सांगितलं, की तिथे येणाऱ्यांच्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात. लोक चुकून येत होते आणि लगेच बाहेर पडत होते.

दही लावताना विरजण किती आहे यापेक्षा ते किती दुधात घातलं याला महत्त्व असतं. चमचाभर विरजण पातेल्याला पुरतं, पिंपाला नाही. निवडक विषयाच्या ॲपने निदान पहिलं वर्षभर तरी दुधाचं माप लहान ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. पहिले सदस्य जाहिरातीतून गोळा करायचे नसतात. ज्यांच्यात आधीपासूनच देवाणघेवाण चालू आहे, असा एखादा छोटा गोतावळा शोधायचा, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पडणारी एखादी गरज हेरायची आणि ती तिथे भागवायची. असा एक गोतावळा पुरता भरला, म्हणजे आत येणाऱ्या कोणालाही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिवसभरात मिळू लागलं, की मगच दुसरा. एकूण सदस्यसंख्येचा आकडा या काळात दिशाभूल करतो, कारण तो पिंपातलं दूध मोजतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आज जगातली सर्वांत मोठी गर्दी बाळगून आहे, हा गमतीचा भाग. ४ फेब्रुवारी २००४ ला फेसबुक सुरू झालं ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी. विद्यापीठाचा ई-मेल पत्ता असल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. तिथल्या वसतिगृहांत एकमेकांचे चेहरे, नावं, विषय असलेल्या पुस्तिका आधीपासून वापरात होत्या. वर्गात शेजारी बसलेल्या मुलीचं नाव काय, ती कोणता विषय घेते, हे कुतूहल फेसबुकचा संस्थापक झकरबर्ग याने निर्माण केलेलं नव्हतं. महिनाभरात पदवीच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी नावं नोंदवली. पुढची पायरी जास्त शिकवणारी आहे. त्याने कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येल ही विद्यापीठं निवडली आणि त्यामागचं कारण पुढे अनेकदा सांगितलं: या ठिकाणी विद्यार्थ्यांची स्वतःची अशीच जाळी आधीपासून चालू होती. म्हणजे जिथे स्पर्धा होती, तिथेच तो आधी गेला. वरवर उफराटा वाटणारा हा निर्णय नीट पाहिला तर सरळ आहे. जिथे जाळं आहे तिथे सवय आहे, गोतावळा आहे. त्याहून चांगलं काही देता आलं तर माणसं लगेच हलतात. जिथे कोणीच नाही, तिथे आधी सवय लावावी लागते, आणि ती लावण्याइतका पैसा नव्या माणसाकडे नसतो. २००४ संपताना फेसबुकचे दहा लाख सदस्य झाले. ते जवळजवळ सगळे महाविद्यालयीन विद्यार्थीच होते. तेरा वर्षांवरच्या कोणालाही प्रवेश मिळाला तो थेट सप्टेंबर २००६ मध्ये.

दार अरुंद ठेवणं आणि गोतावळा लहान असणं यात मात्र गल्लत होता कामा नये. तोंडी गप्पांचं ॲप असलेल्या क्लबहाउसनेही सुरुवातीला आमंत्रणाशिवाय कोणाला घेतलं नाही. २०२०-२१ मध्ये आमंत्रणासाठी लोक एकमेकांच्या मागे लागले होते; मे २०२१ मध्ये ते भारतात अँड्रॉइडवर आलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत चर्चेच्या खोल्या भरत होत्या. पण आत आल्यावर विषय कोणताही, माणूस कोणीही, आणि जे बोललं गेलं ते ऐकायचं राहिलं तर सहसा गेलंच. लॉकडाऊन संपला, लोकांना संध्याकाळी बाहेर पडता येऊ लागलं, आणि खोल्या ओस पडल्या. आमंत्रणाने उत्सुकता वाढते. जवळीक वाढतेच असं नाही.

गोतावळा सापडला तरी पहिल्या आठवड्याचा प्रश्न उरतोच. अगदी पन्नास पक्षीनिरीक्षकांचा गट घेतला तरी त्यातला पहिला माणूस सोमवारी ॲप उघडतो तेव्हा बाकीचे एकोणपन्नास तिथे नसतात. त्याने परत का यावं? याचं सर्वांत चांगलं उत्तर पक्षीनिरीक्षणाच्याच जगात मिळतं. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ सुरू केलं. कल्पना उदात्त होती: हौशी निरीक्षकांनी आपापल्या नोंदी द्याव्यात, शास्त्रज्ञांनी त्यावरून पक्ष्यांचं वास्तव्य आणि स्थलांतर समजून घ्यावं. विज्ञानासाठी हातभार लावा, असं आवाहन होतं. लोकांनी मान डोलावली आणि नोंदी मात्र थोड्याच आल्या. काही वर्षांनी, २००५-०६ च्या सुमारास, चालवणाऱ्यांनी भूमिका बदलली. निरीक्षकाने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी आपोआप तयार होईल, जिल्ह्याची वेगळी, वर्षाची वेगळी, आणि इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत तेही दिसेल, अशी सोय केली. पक्षीनिरीक्षक ही यादी पिढ्यान्‌पिढ्या वहीत ठेवत आलेले आहेत. ती वही हरवते, भिजते, तिची बेरीज करणं कंटाळवाणं असतं. ई-बर्डने त्यांची वही सांभाळली आणि त्या बदल्यात विज्ञानाला नोंदी मिळाल्या. त्यानंतर ओघ वाढला तो थांबला नाही. २०१० मध्ये ते जगभर खुलं झालं, भारतात २०१३ पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षीगणनेच्या नोंदी त्यावरच जातात, आणि महाराष्ट्रातले कितीतरी निरीक्षक भल्या पहाटे तळ्याकाठी उभे राहून त्यावर यादी भरत असतात. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की पहिल्या माणसाला दुसरा माणूस येण्याची वाट पाहावी लागली नाही. त्याची यादी एकट्यालाही कामाची होती. शेजारच्या तालुक्यातल्याची यादी दिसणं हा नंतरचा लाभ.

टिकलेली निवडक विषयांची ॲप आणि संकेतस्थळं पाहिली तर हेच दिसतं. २००७ च्या गुडरीड्सवर आधी आपण वाचलेल्या पुस्तकांचं कपाट लावता येतं, मित्र नंतर. २०११ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातून निघालेल्या लेटरबॉक्स्डवर पाहिलेल्या सिनेमांची रोजनिशी ठेवता येते. २००९ च्या स्ट्राव्हाने तर सुरुवातीला फक्त जीपीएस यंत्र बाळगणारे सायकलस्वार धरले. फेरीचा आलेख एकट्याला मिळायचा, आणि त्याच चढावर दुसरा कोणी आपल्यापेक्षा वेगाने गेला हे कळलं की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा सायकल काढायचा. विणकाम करणाऱ्यांचं रॅव्हलरी २००७ मध्ये निघालं. लोकर कुठली, सुया कितीच्या, नमुना कोणाचा, अर्धवट राहिलेला स्वेटर कुठवर आला, याची नोंद हा तिथला पाया. इन्स्टाग्रामही पहिल्यांदा फोटो सुबक करून देणारं साधन म्हणूनच लोकांच्या हातात आलं, पण त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की पुन्हा नको.

आता हे सगळं झालं तरी कोणीतरी जाऊन माणसं आणावी लागतात, आणि ते काम यंत्राने होत नाही. उद्योजकांना सल्ला देणारे पॉल ग्रॅहम यांनी २०१३ मध्ये एका निबंधात मांडलेला मुद्दा हाच होता, की सुरुवातीला मुद्दाम असं काम करा जे मोठ्या प्रमाणावर करणं शक्यच नाही. टिंडर या डेटिंग ॲपच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या चमूतली व्हिटनी वुल्फ विद्यापीठांमधल्या मुलींच्या मंडळांत स्वतः जाऊन त्यांना ॲप घ्यायला लावत होती, आणि मग मुलांच्या मंडळांत जाऊन सांगत होती की त्या मुली आत आहेत. आपल्याकडचं उदाहरण भारतीय भाषांतल्या शेअरचॅट या ॲपचं. ते काढणारे आयआयटी कानपूरचे तिघे तरुण आधी वेगवेगळ्या कल्पना आजमावत होते. फेसबुकवर सचिन तेंडुलकरच्या चाहत्यांच्या एका पोस्टखाली हजारो लोकांनी आपले फोन नंबर लिहून ठेवलेले त्यांना दिसले: आम्हाला सचिनच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्या. त्यांनी त्यातले काही नंबर उचलून ग्रुप केले आणि काय होतं ते पाहिलं. त्या ग्रुपमध्ये सकाळपासून चित्रं, सुविचार, विनोद वाहू लागले, आणि पुढे पाठवायला रोज नवं काय आणायचं, ही या लोकांची खरी गरज आहे हे लक्षात आलं. तिथून शेअरचॅट उभं राहिलं. गोतावळा शोधायचा म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण सापडणं कठीण. रेडिटच्या दोघा संस्थापकांनी २००५ मध्ये वेगळी वाट धरली. कितीतरी खोट्या नावांनी स्वतःच मजकूर टाकून जागा गजबजलेली दाखवली, आणि पुढे ते उघडपणे सांगितलंही. अनेक जण हा किस्सा चातुर्य म्हणून सांगतात. बातम्यांचे दुवे देण्यापुरतं ते चालून गेलं असेल. पण आजार, नोकरी किंवा लग्न यांसारख्या विषयावर, जिथे समोरच्यावर विश्वास हेच सगळं भांडवल असतं, तिथे खोटी माणसं उभी करणं ही फसवणूक आहे आणि उघडकीला आली की खरी माणसंही निघून जातात.

यावर पहिला आक्षेप थ्रेड्सचा येईल. जुलै २०२३ मध्ये आलेल्या झकरबर्गच्याच या ॲपने पाच दिवसांत दहा कोटी लोक मिळवले, तेही कोणताही छोटा गोतावळा न शोधता. खरं आहे. पण त्याच्यामागे इन्स्टाग्राम होतं, आणि जुन्या खात्यानेच आत जाता येत होतं. तरीही त्याच महिन्याअखेर झकरबर्गने कबूल केलं, की आलेल्यांपैकी निम्मे टिकले असते तर बरं झालं असतं, पण तसं झालेलं नाही. पुढे ते सावरलं, कारण दोनशे कोटी लोकांच्या शेजारघरातून रोज नवी माणसं पाठवता येत होती. ज्याच्याकडे असं शेजारघर आहे, त्याने हा लेख वाचायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो आपल्या मातीतला आहे. महाराष्ट्रात जो गोतावळा म्हणाल तो व्हॉट्सॲपवर आधीच बसलेला आहे. गडकोट फिरणारे, भजनी मंडळं, द्राक्षबागायतदार, दिवाळी अंकांचे वाचक, शाळेची १९८९ ची तुकडी, सगळ्यांचे ग्रुप आहेत. नवं ॲप उतरवून घ्या म्हटलं की फोनमधली जागा संपल्याचं कारण मिळतं. मग छोट्या ॲपला जागा उरते कुठे? माझ्या मते, व्हॉट्सॲप जिथे विसरतं तिथे. भुरी रोगावर कोणती फवारणी कोणाला लागू पडली, हे मार्चमध्ये ग्रुपवर कोणीतरी अगदी सविस्तर लिहिलेलं असतं. पुढच्या हंगामात ते वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलेलं असतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. ग्रुपची मर्यादा २०२२ पासून १,०२४ माणसांपर्यंत वाढली, त्याने हे गाडणं आणखी वेगाने होऊ लागलं. शिवाय अनोळखी ग्रुपमध्ये शिरलं की स्वतःचा फोन नंबर सगळ्यांपुढे उघडा पडतो. पुष्कळ स्त्रिया जिल्ह्याबाहेरच्या ग्रुपमध्ये येत नाहीत त्याचं हे एक साधं कारण आहे. ज्या ॲपने एवढ्या दोन गोष्टी एखाद्या नेमक्या विषयात नीट केल्या, की उत्तर पुढच्या वर्षीही सापडेल आणि नंबर न देता विचारता येईल, त्याने व्हॉट्सॲपशी भांडायचं कारण नाही. सापडलेल्या उत्तराचा दुवा ग्रुपवर टाकला जाईल आणि त्या दुव्यावरून पुढचा माणूस येईल. शेअरचॅटवरचा मजकूरही असाच व्हॉट्सॲपवर फिरत राहिला. गरज असते ती कोणाला तरी त्या ग्रुपमध्ये बसून, संध्याकाळी हाताने, जुनी उत्तरं वेचून नव्या जागी लावण्याची. पहिले सदस्यही असेच भेटून मिळवायचे. महाराष्ट्र पक्षीमित्रसारख्या पक्षीनिरीक्षकांच्या संघटना वर्षानुवर्षं संमेलनं भरवत आल्या आहेत. अशा संमेलनातल्या जेवणाच्या रांगेत पहिले शंभर सदस्य जितक्या सहज मिळतील तितके कोणत्याही जाहिरातीतून मिळणार नाहीत.

आणखी एक तक्रार होऊ शकते, आणि ती मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. लहान गोतावळ्यातून सुरू झालेलं ॲप त्या गोतावळ्याचे दोषही घेऊन मोठं होतं. हार्वर्डमधून निघालेलं जाळं हार्वर्डच्या मुलांच्या कुतूहलावर बेतलेलं होतं, आणि चेहरे न्याहाळण्याची ती वृत्ती पुढे अब्जावधी लोकांच्या माथी मारली गेली. पहिले पन्नास सदस्य पुण्यातले, एकाच जातीतले, एकाच वयाचे पुरुष असतील तर पन्नासाव्याला ते जाणवणारही नाही. एकावन्नावी बाई मात्र दारातूनच परत जाईल. लहान ठेवणं म्हणजे एकसारखी माणसं घेणं नव्हे. द्राक्षबागायतदारांच्या ॲपचे पहिले सदस्य नाशिक, सांगली आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतून घेता येतात, त्यात बाग स्वतः सांभाळणाऱ्या बायका, औषधविक्रेते, कृषी पदवीधर असू शकतात. विषय एक हवा, माणसं एका साच्याची नकोत. आणि वागण्याचे नियम पहिल्या शंभरांतच ठरतात; दहा हजारांवर ते लादता येत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. गुंतवणूकदार विचारतो तो आकडा एकूण सदस्यांचा, आणि शंभर माणसं घेऊन त्याच्या दारात जाता येत नाही. हे अगदी मान्य आहे. म्हणूनच अशा ॲपने त्या दारात फार लवकर जाऊ नये. ‘कू’ला कोट्यवधी डॉलर लागले, कारण त्याला पहिल्याच दिवशी ट्विटरची जागा घ्यायची होती, सगळ्यांसाठी सगळं असणाऱ्या ॲपला तेवढे लागतातच. जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्ज या जोडीने काढलेलं रॅव्हलरी मोजक्या माणसांवर चालत राहिलं. सुरुवातीला आमंत्रणासाठी हजारो विणकरणींना रांगेत थांबावं लागलं, कारण झेपेल तितकीच माणसं आत घ्यायची असं ठरलेलं होतं. उत्पन्न आलं ते लोकर विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून आणि नमुन्यांच्या विक्रीतल्या हिश्शातून, म्हणजे ज्या वस्तू सदस्यांना नाहीतरी घ्यायच्याच होत्या त्यांतून. २०२० पर्यंत तिथे ९० लाखांहून जास्त जणांची नोंद झाली होती. लेटरबॉक्स्डचे दोन्ही संस्थापक एक वेब-डिझाइन स्टुडिओ चालवत होते आणि बरीच वर्षं घरखर्च त्यातूनच निघत होता. २०२० च्या आरंभी, म्हणजे आठ वर्षं उलटल्यावर, त्यांच्याकडे १७-१८ लाख सदस्य होते. ‘कू’ने एवढे लोक काही महिन्यांत जमवले होते. मग महामारीत घरी अडकलेल्या लोकांनी सिनेमे पाहायला सुरुवात केली आणि त्यांची नोंद ठेवायला त्यांना एक जागा हवी झाली, जिथे आधीपासून चांगलं बोलणारी माणसं होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘टायनी’ या कॅनडातल्या कंपनीने लेटरबॉक्स्डचा ६० टक्के हिस्सा घेतला तेव्हा एकूण किंमत पाच कोटी डॉलरहून अधिक धरली गेली, आणि सदस्यांचा आकडा एक कोटीवर गेला होता.